पाच किंवा त्याहून जास्त

"आई, परत बरोबरचं चिन्ह काढलंत!" सुनेने कपाळावर हात मारला.

शिंपीणबाईंनी चष्मा पुसून वहीत पाहिलं. सतरा वजा दोन क्ष, हे सातपेक्षा कमी किंवा सातच. त्याखाली पायऱ्या, टाके घातल्यासारख्या एकसारख्या. शेवटी, क्ष बरोबर पाच. आता यात चुकलं कुठं, हेच त्यांना कळेना.

"पाच आलं की नाही?"

"आलं. पण पाच किंवा त्याहून जास्त, असं लिहायचं. सहा चालतं, साठ चालतं, साडेपाचही चालतं."

"म्हणजे काहीही चालतं?"

"काहीही नाही. चार नाही चालत."

शिंपीणबाईंचं डोकं गरगरलं. "अगं, गिऱ्हाइकाची कंबर तीस किंवा त्याहून जास्त, असं लिहून घेतलं तर मी कापड कुठं कापू?"

सून हसली नाही. पेपर उद्यावर आला होता. शिवणवर्गात शिकवायची जागा रिकामी होती, वर्गाच्या मुख्य बाईंनी ती शिंपीणबाईंसाठीच धरून ठेवली होती. पण दहावी पास झाल्याशिवाय नेमणूक नाही. गेल्या खेपेला गणितानेच घात केला होता. पुन्हा तसं झालं तर जागा दुसरीला जाणार, आणि त्या विचाराने शिंपीणबाईंना धड जेवणही जात नव्हतं.

सुनेने शेजारी उदाहरण सोडवून दाखवलं. शिंपीणबाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"हे चिन्ह इथं तोंड का फिरवतं?"

"उणे दोनने भागलं ना, म्हणून."

"वाटणी झाली की जावा फिरवतात, तसं?"

"का ते विचारू नका, आई. नियम आहे." सून म्हणाली खरी, पण तिलाच राहवेना. दोन पाचपेक्षा लहान; पण उणे दोन घेतले तर ते उणे पाचपेक्षा... ती थांबली, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. आता दोघीही बुचकळ्यात पडल्या.

शिंपीणबाईंचा नवरा रिकामा कप घेऊन दारात आला. कापायच्या टेबलावर कापडाऐवजी पुस्तकं बघून त्याने मान हलवली.

"या वयात आणखी किती शिकणार आहेस गं?"

टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. तरी शिंपीणबाईंना ते लागलं.

"ते ठरवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "दहावीच्या खाली नाही, एवढं नक्की."

"हे काय उत्तर झालं? एक काहीतरी सांग ना."

शिंपीणबाईंची नजर वहीतल्या उत्तरावर गेली. मग हळूच सुनेकडे वळल्या.

"झालं ना गं उत्तर?"

सुनेने खोडरबर खाली ठेवलं.

"पूर्ण मार्क, आई."