सलिलची जागा

तळ्यातली जलपर्णी काढताना आमची साखळी लागते. बद्रीनाथ गुडघाभर पाण्यात उभा, त्याच्यापासून बागेच्या कुंपणापर्यंत आम्ही सगळे. भरलेलं घमेलं हातोहात पुढे जातं. मान वळवायची नाही, नाहीतर घमेलं सांडतं.

बद्रीनाथच्या शेजारी सलिल असायचा. खराडीतली आयटीची नोकरी सांभाळून तो दर रविवारी यायचा. याच तळ्यात, याच जलपर्णीत पाय अडकून तो गेला.

आता त्याची आई येते. सुनीतीकाकू सलिलची जागा मोकळी सोडून उभ्या राहतात. त्यांच्यानंतर मी.

"काकू, एक पाऊल इकडे सरका ना," परवा बद्रीनाथ म्हणाला. "मध्ये कुणीच नाही."

"घमेली पोचतायत ना? मग झालं तर."

"तेच विचारतोय. मी तर ती काठावर ठेवतो. तुम्ही वाकताना कधी दिसत नाही."

काकूंनी माझ्या हातात घमेलं दिलं. नेहमीसारखं, समोर बघत.

चहासाठी सगळे वर आले. बद्रीनाथही आला. पाण्यात कुणी उरलं नाही.

काकू मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांच्या हातात एक भरलेलं घमेलं होतं. एक कड त्यांच्या बोटांत, दुसरी कड हवेत, तेवढ्याच उंचीवर.

"दमलास ना रे?" त्या हळूच म्हणाल्या. "सोड आता. घरी चल."

घमेलं सुटलं नाही. ते सावकाश पाण्याकडे सरकू लागलं.

काकूंनीही ते सोडलं नाही.