ऐंशीची बायको

मेकअपच्या स्पर्धेत पडद्यामागे नुसती धांदल उडाली होती. सकाळपासून खपून मेकअपवालीने पंचविशीतल्या मॉडेलची पार ऐंशीची म्हातारी करून टाकली होती. शेजारच्या खुर्च्यांवर दुसऱ्या स्पर्धकांच्या आणखी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. तिघींचे केस पांढरे, शालीही सारख्याच. परीक्षक यायला थोडा वेळ होता, आणि सुरकुत्यांचा गोंद वाळेपर्यंत तिघींनाही बोलायची बंदी होती.

“आता सख्खा नवरा आला तरी ओळखायचा नाही!” मेकअपवाली फुशारली.

तेवढ्यात तो आलाच, हातात ज्यूसचा ग्लास घेऊन. त्याने तिन्ही म्हाताऱ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि तडक बायकोसमोर जाऊन स्ट्रॉ तिच्या ओठांशी धरली.

मेकअपवालीचा चेहरा खर्रकन उतरला. “कुठे चुकले मी? मान राहिली का? की हात?”

“छे हो, तुमचं काम एक नंबर! माझ्या आजीपेक्षा म्हातारी दिसतेय,” तो म्हणाला. “पण त्या दोघी माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. ही मात्र ‘झाली का तुझी दहा मिनिटं?’ अशी बघत होती.”