हाकेसरशी

घटस्फोटात मिलुतिननं आमचं कुत्र्याचं पिल्लूसुद्धा मागून घेतलं. वर फोनवर मलाच ऐकवलं, "शी-शूचं वळण लावून मगच दे, राडोइका. तियानाच्या घरात पिरोतचा गालिचा आहे, तिच्या आजीचा."

लावलं वळण, त्याच्या नव्या बायकोच्या गालिच्यासाठी. महिनाभर दर दोन तासांनी त्याला खाली अंगणात नेलं. तो शू करायला बसला की मी त्याच्या कानाशी एकच शब्द म्हणायची, आणि झालं की सॉसेजचा तुकडा द्यायची. शेवटी शेवटी तर नुसता शब्द कानावर पडला, की असेल तिथे बसायचं गुणी बाळ.

रविवारी मिलुतिन त्याला घेऊन गेला. सोमवारी सकाळीच त्याचा फोन आला. मागून तियानाचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"काय शिकवून ठेवलंयस याला? मी तियानाला लाडानं 'झ्लातो' म्हटलं रे म्हटलं, की हा गालिच्यावर बसतो!"

"एकवीस वर्षं तुझं 'झ्लातो', तुझं सोनं, मी होते, मिलुतिन," मी म्हटलं. "बायको नवी केलीस, तर हाकही नवी शोधायचीस की."