उलटी तार

बंटीच्या गाडीच्या डिक्कीत जीवन कमरेपर्यंत वाकला होता. दोन मोठ्या सबवूफरचा बॉक्स बसवून झाला होता. बॅटरीपासून आणलेली लाल तार अॅम्प्लिफायरला लावून झाली होती, आवाजाच्या तारा तेवढ्या उरल्या होत्या. लाखनीच्या हायवेवरून ट्रक जात होते आणि त्यांची धूळ थेट दुकानात येत होती.

बंटी गाडीला टेकून सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत होता. गिऱ्हाईक नवं होतं, बोलकं होतं.

"जुना बॉक्स काहून काढला?" जीवनने सहज विचारलं.

"लहान पडते ना भाऊ! मागच्या महिन्यात एकोडीले दोस्ताची वरात होती. गाडी एका घरापुढं अडकली. आम्ही तिथंच नाचाले लागलो. त् एक जन धावत आला हात जोडत. आवाज कमी कर म्हने. म्या अजून वाढवला!" बंटी खिदळला. "त्याचं तोंड पाहाले पाहिजे होतं तुनं."

जीवनच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

त्या दिवशी एकोडीच्या घरी अंगणात बापाचं प्रेत ठेवलं होतं. त्रिसरण सुरू होतं आणि शेजारी उभ्या माणसाचं म्हणणंही ऐकू येत नव्हतं. खिडक्यांची तावदानं थरथरत होती, बापाच्या अंगावरचं पांढरं कापडही हलल्यासारखं वाटत होतं. गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेतून एक काळा गॉगल तेवढा हसला होता. आज त्या गॉगलामागचा चेहरा समोर उभा होता आणि त्याला जीवन ओळखूही येत नव्हता.

स्क्रू-ड्रायव्हर सबवूफरच्या त्या काळ्या पडद्यात आरपार खुपसावा असं झालं. तसं काही न करता त्याने एका सबवूफरच्या दोन तारा उलट जोडल्या. आता एक हवा बाहेर ढकलणार, तेव्हाच दुसरा आत ओढणार. दोघं मिळून एकमेकांचा आवाज खाणार. बिघाड कुठे आहे ते जन्मभर शोधत बस म्हणावं.

"लाव गाणं," तो म्हणाला.

गाणं लागलं. नुसतंच चिरचिरलं.

"धमक कुठं हाय बे?" बंटी खेकसला. "काम येत नसन त् शटर कायले उघडतं?"

हे मात्र जीवनला सोसलं नाही. आणि आपण केलं तेही सोसलं नाही. बापासाठी भांडायचं, तेही असं चोरून? तो पुन्हा वाकला. दोन्ही तारा सरळ केल्या.

"आता लाव."

पहिल्याच ठोक्याला शटर खडखडलं. समोरच्या चहावाल्याने कानांवर हात ठेवले. बंटीने तिथल्या तिथे गिरकी घेतली. "वा रे भाऊ! याले म्हनते काम!"

जीवनने गाणं बंद केलं. बॉनेट उघडून बॅटरीवरची लाल तार काढली. मग डिक्कीत येऊन एकेक तार ओढून काढायला लागला.

"ए, हे काय करून राहिला?"

"पाहिलं ना? काम येते मले. तुया गाडीत नाही करत."

"काहून?"

"एकोडीच्या त्या घरी माया बाप मेला होता. हात जोडत आला होता तो मीच."

बंटीचं चघळणं थांबलं. त्याने पहिल्यांदाच जीवनकडे नीट पाहिलं. मग नजर चुकवून, उलट जीवनवरच चिडल्यासारखा म्हणाला, "मंग तवाच सांगाचं ना! मयत हाय म्हटल्यावर कोन वाजवते, भाऊ?"

"सांगितलं होतं," जीवन म्हणाला. "दोनदा."

आणि त्याने डिक्की आपटून लावली.