अंगठ्याएवढा ड्रॅगन

दोन महिने खपून मी फासे टाकत गोष्ट पुढं न्यायच्या आमच्या खेळासाठी नवी गोष्ट रचली आणि तिच्यातला डोंगरही केला: थर्माकोलचे कडे, माथ्यावर गुहा, गुहेत अंगठ्याएवढा ड्रॅगन. रविवारी मैत्रिणी खेळायला राजूरला येणार होत्या. ड्रॅगनवर तांबड्या रंगाचा शेवटचा हात फिरवत होते, तेवढ्यात आई शेजारी टेकली. “ह्यो काय करतो?” “वर येईल त्याला जाळतो. ह्याला मारलं की आम्ही जिंकलो.” “अन् पानी कुठं पितो?” माझ्या गोष्टीच्या वहीत त्याचं वय होतं, दात होते, आग होती. पाणी नव्हतं. तिनं बारीक ब्रश निळ्यात बुडवला, पायथ्याशी झरा काढला. रंगाच्या बाटल्यांची चार झाकणं तिथं हंड्यांसारखी ओळीनं मांडली आणि त्यांच्यामागं ड्रॅगन ठेवला. “मग ह्याला मारायचं कसं?” मी विचारलं. “नंबराला उभा हाय त्यो,” आई म्हणाली. “रांगेतल्याला कुनी मारतं व्हय?”