सातवा बार

सातवा बार फुटला आणि फटाक्यांचा खोका कलंडला. आठवा बार आकाशात जायचा सोडून कुंपणावरून थेट शेजारच्या नेव्हिलच्या रिसायकलिंगच्या बिनमध्ये घुसला. नववाही तिकडेच. बिन आतून हिरवी-लाल उजळली, उचकी लागल्यासारखी दोनदा हलली आणि धूर सोडायला लागली.

"मेलो," शशिकांत म्हणाला. पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, खाली गोठलेलं गवत. सोमवारचे सकाळचे साडेसहा, न्यूझीलंडमधलं अप्पर हट गाव अजून अंधारात.

हा पंचवीस बारांचा खोका खरं तर भारतासाठी होता. इथे फटाके वर्षातून चारच दिवस विकतात, नोव्हेंबरात. आठ महिने त्याने तो गॅरेजमध्ये जपला होता, आपण वर्ल्डकप जिंकलो की उडवायला. पण सेमीफायनलला न्यूझीलंडनेच आपल्याला घरी पाठवलं. त्याच सकाळी नेव्हिल परसातल्या फिजोआ फळांचा जॅम घेऊन दारात हजर. "वेल प्लेड, शशी." शशिकांतला वाटलं, म्हातारा जखमेवर मीठ चोळतोय. बाटली न उघडताच खोक्याशेजारी जाऊन बसली.

आणि आज फायनल, न्यूझीलंड विरुद्ध इंग्लंड. मॅच टाय. सुपर ओव्हरही टाय. तरी कप इंग्लंडला, का तर म्हणे त्यांच्या बाउंड्र्या जास्त! शशिकांत सोफ्यावरून उडाला, "हरले! हरले रे हरले!" असं खिडक्या थरथरतील एवढ्या आनंदानं ओरडला आणि खोका उचलून बॅकयार्डात पळाला. न्यूझीलंडची काळी जर्सी घालून रडत बसलेली बारा वर्षांची ओवी, स्वतःची लेक, त्याला दिसलीसुद्धा नाही.

नेव्हिल बाहेर आला. पायजम्यावर अंपायरचा पांढरा कोट. तीस वर्षं क्लबच्या मॅचेसना अंपायर होता तो. मोठी मॅच असली की अजूनही कोट चढवूनच टीव्हीसमोर बसायचा. त्याचा एकच हट्ट. बॉलला बॅटची कड लागली असेल, तर बॅट्समनने अंपायरचं बोट वर जायची वाट बघू नये, आपणहून चालू पडावं.

त्याने पाण्याचा पाइप आणून बिन विझवली. डोळे लाल होते.

"तो थ्रो बॅटला लागून बाउंड्रीला गेला ना, त्याचे पाच होतात," तो म्हणाला. "सहा दिले." मग त्याचं लक्ष कलंडलेल्या खोक्याकडे गेलं. "आख्ख्या स्ट्रीटवर एक दार उघडलं नाही, मेट. हे सगळं... आमच्या पोरांसाठी?"

असा फुलटॉस कोण सोडतो!

"ऑफकोर्स, नेव्हिल!" शशिकांतने छातीवर हात ठेवला. "मनं जिंकली तुमच्या पोरांनी. म्हटलं, त्यांना कुणीतरी सलाम ठोकायला नको?"

मागे डेकचं दार सरकलं. दारात ओवी उभी होती. तिने दोन्ही हात वर केले आणि बोटांनी हवेत टीव्हीचा चौकोन काढला. मैदानावरचा अंपायर निर्णय थर्ड अंपायरकडे पाठवताना काढतो, तसा.

शशिकांतचे कान तापले. कुंपणापलीकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"राहू दे, ओवी. रीप्ले कशाला?" नेव्हिल पाइप गुंडाळत म्हणाला. "कड लागलेली मला घरात ऐकू आली. मी फक्त बघत होतो, बॅट्समन आपणहून जातो का."