गुलाबचं वजन

“आज माह्यं वजन केलं, भाऊ. गळाबी मोजला,” जाळीपलीकडून गुलाब म्हणाला. “मायले एवढंच सांगजो, वजन वाढलं म्हून. बाकी काही सांगू नोको. अन् तिले इथं आनू नोको.”

हिरालालने धाकट्या भावाला शब्द दिला. गावी शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणात गुलाबच्या हातून चुलतभावाचा खून झाला होता. रागाच्या एका झटक्यात दोन घरं बसली. दयेचा अर्जही फेटाळला गेला होता; मायला फाशीचं कुणी सांगितलंच नव्हतं. आता परवाची एक भेट, मग फाशी. वजन कशासाठी करतात ते रायपूर जेलच्या शिपायाने बाहेर पडताना सांगितलं. माणूस जितका जड, तितका दोर आखूड. नियमच आहे. सांगताना तो बिचाराही खाली बघत होता.

भिलाईला, खुर्सीपारच्या झोपडीत, मैनाबाई दारातच बसली होती. हिरालालने निरोप सांगितला. माय, गुलाबचं वजन केलं, चांगलं वाढलं आहे.

म्हातारीचा चेहरा उजळला. भिलाईत माणसाचं वजन एकाच कामासाठी होत असे, कारखान्याच्या भरतीसाठी. वजन भरलं, छाती मोजली, की पोरगं कामाला लागलंच. वस्तीतल्या घराघरांत तिने हेच पाहिलं होतं.

“म्हंजे सोडून राहिले त्याले! जेलातूनच भरती करून राहिले!” ती लगबगीने उठली. “परवा तू एकटाच जा अन् त्याले घेऊनच ये. मी सैपाक करून ठेवतो.”

हिरालालला भडभडून आलं. गप्प राहावं तर हिला पोराचं तोंड पुन्हा दिसणार नाही. बोलावं तर गुलाबला दिलेला शब्द मोडतो.

“कावून रडून राहिला रे?”

त्याने तिचा हात धरून खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. दोराचंही सांगितलं.

मैनाबाई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “खरंच वाढलं वजन?”

“हो, माय.”

“भरतीच्या टायमाले जरासंच कमी भरलं होतं. म्हून डाक्टरनं वापस धाडलं. तवा लागला असता, तं गावी गेलाच नसता. नोकरी लागावी म्हून अख्खा सावन मीच त्याले उपास धराले लावले होते.”